फासा पुन्हा टाकायचा नाही

१२ जानेवारी

भाऊजी,

तुमच्या दादाची तब्येत आधी सांगते, नाहीतर तुम्ही तीच ओळ शोधत बाकीचं पत्र नुसतं चाळाल. आहे तशीच आहे. नळीतून जेवण, दिवसातून सहा वेळा कूस बदलणं, उजवा हात मुठीत मिटलेला. डोळे उघडे असतात. ते माझ्याकडे बघतात की माझ्या मागच्या भिंतीकडे, ते ऑपरेशनला सात महिने झाले तरी मला कळलेलं नाही. सिस्टर म्हणतात, "अहो, तुमच्याकडेच बघतात." त्या प्रत्येक घरी असंच म्हणत असाव्यात.

घरातला फोन मी काढून टाकला आहे, रागावू नका. फोनवर माणूस लगेच उत्तर मागतो. पत्र निदान दम धरतं.

तुम्ही विचारलं होतंत, पुन्हा चित्रं काढतेस का. काढते. पण कशी काढते ते वाचून हसाल. नोव्हेंबरात एक दिवस कागद ताणून बसले, रंगांच्या नळ्या समोर मांडल्या आणि कोणती उघडायची तेच ठरेना. ऊन टेबलावरून जमिनीवर उतरलं तरी मी तशीच. हल्ली सगळीकडे असंच होतं. दुकानात दोन साबणांपुढे उभी राहते आणि हात हलवत घरी येते. मुलांच्या पुस्तकांसाठी वीस वर्षं चित्रं काढली, संपादक म्हणायचे की रंगाच्या बाबतीत बाईंना विचारायचंच नाही, त्या देतील तो बरोबर. आणि आता साबण निवडता येत नाही.

मग शेजारच्या काकांकडून त्यांच्या नातवंडांच्या सापशिडीतले दोन फासे मागून आणले. नळ्या पिशवीत टाकल्या आणि न बघता सहा काढल्या. करडा, काळा, दोन निळे, एक मातकट गुलाबी आणि तो पोपटी, जो मला जन्मात कधी आवडला नाही. कागदावर बारा आडव्या बारा उभ्या अशा चौकटी आखल्या. एक फासा रंग सांगतो, दुसरा ब्रश कुठल्या दिशेने ओढायचा ते. दुसऱ्यावर सहा पडला की चौकट कोरी ठेवायची. नियम एकच. फासा पुन्हा टाकायचा नाही.

जुनी चित्रंही कामाला येतात. ती फाडते, स्टुलावर उभी राहून तुकडे खाली सोडते आणि जिथे पडतील तिथेच चिकटवते.

भाऊजी, सात महिन्यांत पहिल्यांदा दोन तास मला नीट श्वास घेता आला. सोबत एक लहानसा तुकडा पाठवते आहे. आवडला नाही तर स्पष्ट लिहा. त्यात माझं असं काही नाहीच, त्यामुळे मला लागणार नाही.

वहिनी


४ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं चित्र खाटेच्या वर चिकटवलं आहे. माझ्या खोलीत राहणारा खाणीतला ड्रिलवाला म्हणाला, "कुणी ब्रश झटकलाय का रे?" मी म्हटलं, तोंड सांभाळ, माझ्या वहिनीचं चित्र आहे. तेव्हापासून तो रोज त्याच्याकडे बघतो आणि आज ते वेगळं दिसतंय म्हणतो. म्हणजे काहीतरी आहे त्यात.

खरं सांगू? मला जरा गंमत वाटली, कारण आम्ही इथे हेच करतो. खाणीतून मालाचा ढीग येतो, त्यात धातू किती ते तपासायला मूठभर नमुना घ्यायचा असतो. तो डोळ्यांनी निवडायला बंदी आहे. ढिगावर दोऱ्यांची जाळी पसरायची, डब्यातून चिठ्ठी काढायची आणि त्या नंबरच्या चौकोनातलंच उचलायचं. कारण माणूस कितीही प्रामाणिक असला तरी हात आपोआप चकाकत्या दगडाकडे जातो. साहेब म्हणतात, "तुझ्या हातावर विश्वास नाही असं नाही, कुणाच्याच हातावर नाही."

पण ते दगड आहेत, वहिनी. तू माणसं काढायचीस. मी अकरा वर्षांचा होतो, नाक पुसायची अक्कल नव्हती, आणि तू नवी नवरी सगळ्यांसमोर मला "अहो भाऊजी, चहा घेणार का?" म्हणालीस. घर हसून लोळलं. ती थट्टा तू पंचवीस वर्षं चालवलीस. तेव्हा काढलेलं ते चित्र आहे ना, मी टेबलाखाली पुस्तक छातीवर घेऊन झोपलोय ते? ते तरी फाडलं नाहीस ना? दादाचा चेहरा काढ. सव्वीस वर्षं लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करून तेलकट हातांनी घरी यायचा, तसा.

आणि एक. तू लिहीत नाहीस, पण मला कळतं. ऑपरेशनचं तू जे ठरवलंस ते बरोबरच होतं. कुणीही तेच केलं असतं. मी तिथे असतो तर मीही तेच केलं असतं. आता तो विषय नको.

तुझा,
भाऊजी (अहो!)


२ मार्च

भाऊजी,

टेबलाखालचं चित्र फाडलं. तुम्ही विचाराल हे माहीत होतं, म्हणून त्याचा एक तुकडा जपून ठेवायचा मोह झाला होता. पण तसं केलं की निवड आलीच. तुमचा एक पाय वरच्या कोपऱ्यात उलटा चिकटला आहे. वाईट वाटून घेऊ नका.

विषय नको म्हणालात, तरी एकदा लिहिते. मला तो दिवस कुणालाच सांगता आलेला नाही. दादा लिफ्टच्या खोलीत पडलेले सापडले ते सकाळी दहाला. डॉक्टरांनी मला कॉरिडॉरमध्ये गाठलं. तरुण होते, हातातलं पेन सारखं टकटक करत होते. म्हणाले, "मेंदूत रक्त साचलंय. उघडलं तर जगतील, पण कसे जगतील ते सांगता येत नाही. नाही उघडलं तर आजचा दिवस. अर्ध्या तासात सांगा." मी तुम्हाला फोन लावला. तुम्ही खूप वेळ बोललाच नाहीत. मला वाटलं लाइन गेली. मग म्हणालात, "वहिनी, तुला योग्य वाटेल ते कर." मी दोष देत नाही. एवढ्या लांबून माणूस दुसरं काय म्हणणार? फॉर्मवर सही करताना मी डॉक्टरांचं पेन वापरलं. ते त्यांनी रुमालाने पुसून खिशात ठेवलं.

तुमच्या साहेबांचं ते वाक्य मी कागदावर लिहून भिंतीला लावलं आहे. कुणाच्याच हातावर नाही. भाऊजी, इतकं बरं मला कुठल्याच समजुतीने वाटलं नव्हतं.

एक बातमी. चित्रदालन चालवणाऱ्या बाई आल्या होत्या, माझ्या जुन्या संपादकांनी पाठवलं त्यांना. गळ्यात दोन दोन चष्मे. एक लावून चित्रं बघितली, दुसरा लावून पुन्हा बघितली. म्हणाल्या, "एप्रिलमध्ये लावू या." मी म्हटलं, ही माझी नाहीत, फाशांची आहेत. त्या म्हणाल्या, "फासे उद्घाटनाला येणार नाहीत ना, तुम्हीच या."

बाकी दिवस बरे जातात. फासा आता घरातही मदत करतो. कुठली खिडकी उघडायची, ह्यांना आधी कुठल्या कुशीवर वळवायचं, कुठलं सूप. सकाळी सहा वाजल्यापासून मन खात असतं, ते थांबलं.

वहिनी


२१ मार्च

वहिनी,

प्रदर्शनाचं वाचून उडालोच. ड्रिलवाल्याला म्हटलं, बघ, ब्रश झटकणारी मोठ्या दालनात चालली.

पण पत्राच्या शेवटचं वाचून झोप उडाली. सूप काय, खिडकी काय, हसण्यावारी नेलं असतं. कुशीचं वाचून नाही नेता आलं. एका कुशीवर जखम झाली असेल आणि फासा तीच बाजू म्हणाला तर? तू त्या जखमेवर झोपवणार आहेस का दादाला?

माझी एक विनंती आहे. विनंती कसली, तुझ्या पाया पडतो. फासा चित्रापुरता ठेव. कागदाला दुखत नाही. औषध, जेवण, डॉक्टर, दवाखाना, यात फासा नको. अडलीस तर सिस्टरना विचार, काकांना विचार, मला लिही. मला वचन हवंय.

मी यायला हवं हे कळतं. रजेचं जमत नाहीये. या हंगामात तपासणीला माणसं कमी आहेत. बघतो.

भाऊजी


१९ एप्रिल

भाऊजी,

दिलं वचन. कागदापुरताच.

प्रदर्शन झालं. सिस्टरनी ह्यांच्याजवळ थांबायचं कबूल केलं म्हणून चार तास जाता आलं. भिंतीवर अकरा चित्रं, पांढरा उजेड, लोक हळू आवाजात बोलत होते. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "चित्र पुरं झालं हे कसं ठरवता?" मी म्हटलं, चौकटी संपल्या की. ते म्हणाले, "सुखी आहात." दुसरी एक बाई मात्र एका चित्रासमोर उभी राहिली आणि रडायला लागली. मी जवळ जाऊन सांगितलं, अहो, यात काही नाही, फासा पडला तसा रंग लावलाय. ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मीच तिला काहीतरी नको ते बोलले. नंतर कळलं, तिचा मुलगा रस्त्यात दोन गाड्यांच्या मध्ये सापडून गेला होता. यात काही नाही असं कुणीतरी तिला आधीही म्हटलं असेल.

घरी आले तर सिस्टर थर्मामीटर घेऊन उभ्या होत्या. ह्यांना ताप होता.

घाईत लिहिते आहे.

वहिनी


२८ जून

वहिनी,

मे महिन्यात दोन पत्रं टाकली, तुझं उत्तर नाही. शेवटी काकांना लिहिलं. त्यांनी सगळं कळवलं. मे महिन्यात दादाच्या छातीत कफ भरला, तू त्याला दवाखान्यात हलवलंस, तीन आठवड्यांनी परत आणलंस तेव्हा पाठीला दोन जखमा होत्या. सिस्टर काम सोडून गेल्या. त्यांना औषधाच्या ताटलीत फासा सापडला म्हणे. काका लिहितात, "तिला काही बोललो नाही. तिचं तोंड बघून धीर झाला नाही."

तू वचन मोडलंस म्हणून ओरडायला बसलो होतो. चार कागद फाडले. ओरडायचा हक्क मला नाही, आणि का नाही ते आता लिहितो. हे मी गेल्या जूनमध्येच फोनवर सांगायला हवं होतं.

आमचे बाबा कसे गेले ते तुला माहीत आहे. चार वर्षं पडून. तू केलंस त्यांचं. ते गेल्यावर दादा मला घेऊन त्याच्या कामावर गेला होता. इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टचं यंत्र असतं त्या खोलीत. तो दोरांना ग्रीस लावत होता, मी डबा धरून उभा. माझ्याकडे न बघता म्हणाला, "हे बघ, माझं असं काही झालं तर मला कापू नका, नळ्या घालू नका. जाऊ द्यायचं. वहिनीला मी सांगू शकत नाही, ती रडेल. तू लक्षात ठेव." मी हो म्हटलं. त्याने मला शब्द द्यायला लावला.

तू फोन केलास तेव्हा मी गप्प होतो ना? लाइन गेली नव्हती. मी मनाने त्या लिफ्टच्या खोलीत उभा होतो. सांगितलं असतं तर तू त्याला जाऊ दिलं असतंस, आणि मग दादा माझ्या शब्दाने गेला असता. माझ्याच्याने ते झालं नाही. मला तो हवा होता, कसाही. म्हणून तुला योग्य वाटेल ते कर म्हणालो आणि फोन ठेवला. तू ऑपरेशनला हो म्हणालीस असं कळलं तेव्हा मला आनंद झाला, वहिनी. तो आनंद मला आजपर्यंत सोडत नाही.

रजाही मिळत होती. मार्चमध्ये साहेबांनी स्वतःहून विचारलं होतं. मीच नको म्हणालो.

तू तिथे फासे टाकत बसलीस आणि उत्तर माझ्याकडे होतं.

तुला काय वाटेल ते लिही. लिहिलं नाहीस तरी चालेल.


२ ऑगस्ट

आज तुला भाऊजी म्हणवत नाही, आणि अहो-जाहोही नाही.

ते ६ जुलैला दुपारी चारच्या सुमाराला गेले. काकांनी तुझ्या ऑफिसात फोन केला. दुसऱ्या दिवशी तुझा निरोप आला की येता येत नाही, पत्र टाकलं आहे. पत्र पंधराला पोचलं. मधले आठ दिवस मी समजत होते की त्यात चार सांत्वनाचे शब्द असतील.

तू सगळं लिहिलंस, तर मीही लिहिते.

वचन मे महिन्यातच मोडलं होतं. दवाखाना की घर असं डॉक्टरांनी विचारलं, मी फासा टाकला, विषम आला, दवाखान्यात नेलं. पाठीच्या जखमा तिथल्याच. सिस्टरनी विचारलं, "बाई, तुम्ही माणूस आहात की कोण?" त्या गेल्या तेव्हा मी दारापर्यंतसुद्धा गेले नाही.

तीन जुलैला सकाळी अकराला डॉक्टर घरी आले. पेनवाले नाहीत, हे वयस्कर आहेत, जिना चढून आले की पाच मिनिटं बोलू शकत नाहीत. छाती तपासली आणि म्हणाले, "पुन्हा भरलीय. नेलं तर घशात नळी, मशीन, महिनाभर निघेल कदाचित. इथे ठेवलं तर त्रास होणार नाही असं औषध देतो, पण मग तीन-चार दिवस. दुपारपर्यंत सांगा." मी म्हटलं, तुम्हीच सांगा ना. ते म्हणाले, "मी रोज सांगतो हो लोकांना. पण त्यांच्याजवळ तुम्ही राहिलात."

ते गेल्यावर मी जमिनीवर बसले. विषम आला तर दवाखाना, सम आला तर घर. टाकला. पाच. मी उठले नाही. पुन्हा टाकला. तीन. पुन्हा टाकला. एक आला. ह्यांचा श्वास पाणी उकळल्यासारखा वाजत होता. चौथ्यांदा चार पडला आणि मी झडप घालून फासा उचलला, कुणी बदलून टाकेल अशा भीतीने. मूठ बंद करून बसले आणि मग मला कळलं. मी त्याला विचारतच नव्हते. सम येईपर्यंत टाकत राहणार होते, संध्याकाळ झाली असती तरी.

मी अकरा चित्रं केली त्या दालनासाठी. हजारावर चौकटी. एकदाही पुन्हा टाकला नाही, इतका घाण पोपटी रंग आला तरी नाही. कागदाशी मी प्रामाणिक राहिले. मे महिन्यात ह्यांच्या पाठीशीही तितकीच प्रामाणिक राहिले, ते मला कधी विसरता येणार नाही.

काकांच्या फोनवरून डॉक्टरांना घर म्हणून कळवलं. माझ्या तोंडाने. तीन दिवस जवळ बसले. ओठ ओले करायचे, कपाळ पुसायचं, दुसरं काही काम नव्हतं. चौथ्या दिवशी फडकं पिळायला बाथरूममध्ये गेले, नळ सोडला, बंद केला आणि घर फारच शांत वाटलं.

मग तुझं पत्र आलं. पहिल्यांदा वाचून वाटलं, आता हलकं वाटेल. ह्यांचीच इच्छा होती, शेवटी मी तेच केलं. वाटलं नाही. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा संताप आला. तेरा महिने मी माझ्याच हाताला दोष देत राहिले. रंगाची नळी उघडेना, साबण उचलेना, माझीच जुनी चित्रं फाडून टाकली, आणि तू तिकडून लिहीत होतास की बरोबरच ठरवलंस, विषय नको. एक वाक्य बोलला असतास फोनवर. तरीही मी सही केली असती कदाचित, कारण मलाही ते हवे होते, तुझ्याइतकेच, कसेही. पण मग काय करते आहे ते मला माहीत असतं. त्यांच्याविरुद्ध करते आहे हे माहीत असतं. एवढं तर तू मला द्यायला हवं होतंस.

आणि त्यांच्यावरही राग आहे. वहिनी रडेल म्हणे. पंचवीस वर्षं संसार केला, त्यांच्या बापाचं चार वर्षं गू-मूत काढलं, आणि मी रडेन म्हणून ते लिफ्टच्या खोलीत तुला सांगतात, ग्रीसचा डबा धरायला लावून. तुम्ही दोघे भाऊ मला जपत होतात. असं जपू नका कुणाला.

दालनवाल्या बाई परवा येऊन गेल्या. आणखी चित्रं हवीत. देणार नाही म्हटलं. सध्या काहीच काढत नाही. फासे काकांना परत दिले, त्यांच्या नातवंडांनी डबा शोधला होता.

दवाखान्याच्या संस्थेने दिलेला लोखंडी पलंग परत करायचा आहे. तो सुटा होत नाही, जिन्याच्या वळणावर तिरका करून उतरवावा लागतो. काकांची कंबर त्या लायक नाही. अनोळखी हमालांना मी त्या पलंगाला हात लावू देणार नाही. कपड्यांचं कपाट आहे, हत्यारांची पेटी आहे, बुटांचे तीन जोड आहेत. कुणाला काय द्यायचं ते मी एकटी ठरवणार नाही आणि तुझ्यावर सोपवणारही नाही. समोरासमोर बसून, एकेक वस्तू हातात घेऊन, तोंडाने बोलून ठरवायचं.

रविवारी एकतीस तारखेला सकाळी ये. साहेबांनी विचारायची वाट बघू नकोस, तू विचार. तुला माफ केलंय असं समजून येऊ नकोस, तसं काही झालेलं नाही आणि होईल की नाही ते मला माहीत नाही. येऊन मला काय वाटतं ते ऐकून घे, मध्ये बोलू नकोस. मग डोक्याकडची बाजू तू धर, पायाकडची मी धरते. पलंग जड आहे.

वहिनी